नोकरी, घर आणि सीए फायनल: महाडमध्ये राहून अभ्यासाचं गणित कसं बसवायचं?

आर्टिकलशिप पूर्ण झाली. लग्न झालं, महाड एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीत अकाउंट्समध्ये नोकरी लागली, घरात लहान मूल आलं. राहिली ती फक्त सीए फायनल. "पुढच्या अटेम्प्टला नक्की" असं म्हणता म्हणता तीन-चार वर्षं निघून जातात. महाड-पोलादपूरकडेच नाही, छोट्या शहरांतून सीए करणाऱ्या अनेकांची हीच गोष्ट आहे.

अशा वेळी सल्ला मिळतो तो बहुतेकदा 'पहाटे चारला उठा' असा. पण अडचण खरं तर तासांच्या आधी, महिन्यांत असते. कोणत्या महिन्यातली परीक्षा द्यायची, हे ठरलं की निम्मं वेळापत्रक आपोआप ठरतं. कसं, ते समजून घेऊया.

परीक्षा वर्षातून किती वेळा असते?

सीएची परीक्षा 'इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया' म्हणजेच आयसीएआय घेते. ही संस्था १९४९ साली संसदेच्या कायद्यानं स्थापन झाली. पूर्वी फायनल वर्षातून दोनदा व्हायची. २०२५पासून ती जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी तीनदा होते.

नव्या अभ्यासक्रमात फायनलचे सहा पेपर आहेत, तीन-तीनचे दोन गट. दोन्ही गट एकत्र देता येतात किंवा एकेक करूनही. पास होण्यासाठी प्रत्येक पेपरात किमान ४० गुण आणि गटात एकूण ५० टक्के, म्हणजे ३००पैकी १५० गुण लागतात.

मग महाडकरांसाठी कोणता अटेम्प्ट सोयीचा?

सप्टेंबर: तयारीचे महिने जून ते ऑगस्ट. जुलैमध्ये इन्कम टॅक्स रिटर्नची धावपळ, त्यानंतर सप्टेंबरअखेरच्या टॅक्स ऑडिटची तयारी. त्यातच गौरी-गणपती. कोकणात या दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं आणि घरातली सून पुस्तक घेऊन खोलीत बसणं अवघडच. शिवाय पाऊस. २२ जुलै २०२१ला सावित्रीच्या पुरानं महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली होती. तेव्हापासून जुलै उजाडला की सखल भागातल्या घरांचं लक्ष नदीच्या पातळीकडे असतं.

मे: तयारी फेब्रुवारी ते एप्रिल. मार्चएंडला अकाउंट्सवाल्याला घरी कधी पोहोचणार हेही सांगता येत नाही. त्याच सुमारास शिमगा आणि गावची पालखी. एप्रिल-मेमध्ये लग्नसराई, मुलांच्या सुट्ट्या आणि मुंबईहून आलेले चाकरमानी.

जानेवारी: सप्टेंबरची ऑडिटची मुदत आणि दिवाळी इथेही मध्ये येतातच. ऑडिटची मुदत कधी कधी वाढते आणि काम पुढे लांबतं. डिसेंबरअखेर जीएसटीचं वार्षिक रिटर्नही असतं. तरीही नोव्हेंबर-डिसेंबर हे कामाचे आणि घरचे त्यातल्या त्यात मोकळे महिने. पाऊस संपलेला, पाहुणे परतलेले. परीक्षेआधीची उजळणी नेमकी याच काळात येते, हा मोठा फायदा.

आता तासांचा हिशेब

जूनपासून डिसेंबरअखेरपर्यंत साधारण ३० आठवडे मिळतात. त्यातून गणपती, ऑडिट, दिवाळी, मुलाचा ताप, पावसात गेलेली लाइट असे आठ आठवडे आधीच वजा करा. उरले २२.

कामाच्या सहा दिवशी रोज दीड तास आणि साप्ताहिक सुट्टीला पाच तास, म्हणजे आठवड्याला १४ तास. २२ आठवड्यांचे झाले ३०८ तास. तीन पेपरांत वाटले तर प्रत्येकाला जेमतेम १०० तास.

हा आकडा दोन गोष्टी सांगतो. एक गट शक्य आहे, विशेषतः अभ्यास आधी एकदा झालेला असेल तर. दोन्ही गट एकदम द्यायचे तर एका पेपरला ५० तास येतात, आणि तिथेच बहुतेकांचा हिशेब कोलमडतो.

महिन्याचे सगळे दिवस सारखे नसतात

अकाउंट्समधल्या माणसाचा महिना तारखांवर चालतो. ७ तारखेपर्यंत टीडीएस भरायचा, ११पर्यंत जीएसटीआर-१, २०पर्यंत जीएसटीआर-३बी. म्हणून १ ते ११ या दिवसांत नवा धडा सुरू करू नका. एसटीत किंवा जेवणाच्या सुट्टीत बहुपर्यायी प्रश्न सोडवा. फायनलमध्ये ३० टक्के गुण अशाच प्रश्नांना आहेत. नवे, अवघड धडे १२ ते १८ आणि २१ ते महिनाअखेर या दिवसांत घ्या.

गट निवडतानाही कामाचा उपयोग करा. रोज जीएसटी-टीडीएस हाताळणाऱ्याला दोन्ही कर विषय असलेला दुसरा गट जवळचा वाटू शकतो. मात्र त्यातला सहावा पेपर सगळ्या विषयांवर आधारलेला असतो. तो पुस्तक उघडून लिहायचा असला तरी सोपा समजू नका.

सवलतीची घडी लक्षात ठेवा

गटातले सगळे पेपर दिले, गट राहिला, पण एखाद्या पेपरात ६० किंवा जास्त गुण मिळाले, तर त्या पेपरातून पुढच्या तीन परीक्षांसाठी सूट मिळते. वर्षात दोन परीक्षा होत्या तेव्हा ही मुदत दीड वर्ष चालायची. आता तीन परीक्षा वर्षभरातच संपतात. दर जानेवारीलाच बसणाऱ्याला ही सूट एकदाच वापरता येईल. त्यामुळे सूट मिळाली असेल तर त्या वर्षी मे किंवा सप्टेंबरचा विचार जरूर करा.

घरच्यांशी कधी बोलायचं?

डिसेंबरमध्ये नाही, जूनमध्ये. "मला अभ्यासाला वेळ द्या" हे वाक्य मोघम आहे, त्यावर घरातलं कुणी काय करणार? "गणपतीत मी पूर्ण वेळ तुमच्यासोबत आहे, पण डिसेंबरमध्ये रात्री साडेआठ ते दहा मुलाला तुम्ही सांभाळा" हे मात्र सासूबाईंनाही कळतं आणि नवऱ्यालाही. ज्याला मागायचं त्याला आधी द्यावंही लागतं. दीड तासाच्या बदल्यात घरातलं कोणतं काम कोण करणार, हे नावानिशी ठरवा. नाहीतर तो भार न बोलता घरातल्या दुसऱ्या बाईवरच जातो.

ऑफिसमध्येही जानेवारीच्या रजेचं आधीच सांगून ठेवा. परीक्षा केंद्र गावाबाहेर असेल तर राहण्याची सोय आधी करा. पेपरच्या सकाळी मुंबई-गोवा महामार्गाच्या भरवशावर राहू नका.

क्लाससाठी पुणे-मुंबई गाठणं जमत नसेल तर आयसीएआयचं अभ्यास साहित्य, सराव प्रश्नपत्रिका आणि ऑनलाइन वर्ग मोफत आहेत. पावसाळ्याआधी सगळं मोबाइलवर उतरवून ठेवा आणि वह्या माळ्यावर. महाडमध्ये हा अभ्यासाच्या तयारीचाच भाग आहे.