पदपथावर मुभा, बागेत दंड आणि व्हिसाच्या अर्जावर प्रश्न

हडसन नदीच्या एका काठावर मॅनहॅटन आणि दुसऱ्या काठावर जर्सी सिटी. पाथ रेल्वेने हे अंतर काही मिनिटांत पार होते. मात्र तेवढ्या प्रवासात गांजाविषयीचे नियम बदलतात. दोन्ही राज्यांत एकवीस वर्षांवरील व्यक्तीने गांजा बाळगणे आता राज्याच्या कायद्याने गुन्हा नाही. न्यूयॉर्कमध्ये त्याची मर्यादा ३ औंस आहे, तर न्यू जर्सीत ६ औंस. खरा गोंधळ होतो तो गांजा बाळगावा किती यावरून नव्हे, तर ओढावा कुठे यावरून.

न्यूयॉर्कने २०२१ च्या मार्चअखेरीस केलेल्या कायद्यात एक सोपे सूत्र स्वीकारले: जिथे तंबाखू ओढता येते, तिथे गांजाही ओढता येतो. त्यामुळे शहराच्या पदपथांवर तो वास आता सर्रास येतो आणि पोलीस हटकत नाहीत. परंतु या सूत्राला दुसरी बाजूही आहे. बागा, समुद्रकिनारे आणि टाइम्स स्क्वेअरसारखे पादचारी चौक यांत न्यूयॉर्क शहराने २०११ मध्येच धूम्रपानबंदी केली होती. ती गांजालाही लागू होते. म्हणजे सेंट्रल पार्कच्या भिंतीबाहेर जे चालते, ते भिंतीच्या आत दंडपात्र ठरते. मोटारीतही बंदी आहे, मग ती रस्त्याकडेला उभी का असेना.

न्यू जर्सीने स्थानिक संस्थांना अधिक वाव दिला. राज्यात ५६४ नगरपालिका आहेत. आपल्या हद्दीत गांजाची दुकाने नकोत, असे ठरवण्यासाठी त्यांना २१ ऑगस्ट २०२१ पर्यंत मुदत होती आणि बहुसंख्य नगरपालिकांनी नकारच कळवला. ज्यांनी होकार दिला, त्यांना किरकोळ विक्रीवर दोन टक्क्यांपर्यंत स्थानिक कर आकारता येतो. दुकान नाकारण्याचा हा अधिकार अनेकांना गांजाबंदीचा अधिकार वाटतो, पण तो तसा नाही. दुकान नसलेल्या गावातही प्रौढ रहिवासी गांजा जवळ बाळगू शकतो.

सार्वजनिक सेवनाचे नियम याहून वेगळे आहेत. तंबाखूच्या धुराला जिथे राज्याच्या कायद्याने मज्जाव आहे, तिथे गांजाच्या धुरालाही आहे. सार्वजनिक बागा आणि समुद्रकिनारे त्यात २०१९ पासून आले. त्यापलीकडे, धूर न करता सार्वजनिक ठिकाणी गांजा खाण्यापिण्यावर उपविधी करून दोनशे डॉलरपर्यंत दिवाणी दंड आकारण्याची मुभाही नगरपालिकांना आहे. होळीच्या दिवसांत हा बारकावा मराठी मंडळींनी ध्यानात ठेवावा असा आहे. भारतातील १९८५ च्या अमली पदार्थविरोधी केंद्रीय कायद्याच्या व्याख्येतून गांजाच्या झाडाची नुसती पाने वगळलेली आहेत, म्हणून भांगेकडे आपण सणाचा भाग म्हणून पाहतो. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात मात्र पानेही गांजाच. गावाच्या बागेत रंग खेळताना वाटलेली भांगेची थंडाई या दृष्टीने गांजाच्या गमीपेक्षा वेगळी नाही.

नगरपालिका आणि राज्य यांच्यावरचा तिसरा थर केंद्राचा. भारतातून आईवडील आले की त्यांना स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दाखवणे हा जणू कुळाचारच. जर्सी सिटीतील लिबर्टी स्टेट पार्कमधून त्यासाठी बोट सुटते. ही बाग राज्याची, तर पुतळ्याचे बेट राष्ट्रीय उद्यान सेवेच्या अखत्यारीत. सँडी हूकचा किनाराही तसाच केंद्राचा. अशा जागी राज्याची ६ औंसांची सवलत उपयोगाची नाही. तिथे खिशात थोडासा गांजा सापडणे हाही केंद्रीय गुन्हा असून त्याला कैदेची तरतूद आहे.

अमेरिकी नागरिकाला अशा जागा टाळल्या की बहुतेक चिंता मिटते. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांचे, ग्रीन कार्डधारकांचेही, तसे नाही. स्थलांतराचा कायदा पूर्णतः केंद्राचा आहे आणि त्याच्या लेखी गांजा नियंत्रित पदार्थच राहिला आहे. मुंबईच्या वाणिज्य दूतावासात मुद्रांकनासाठी जाण्यापूर्वी जो अर्ज भरावा लागतो, त्यात नियंत्रित पदार्थांविषयीचा कोणताही कायदा आपण कधी मोडला आहे काय, असा थेट प्रश्न असतो. न्यायालयात दोष सिद्ध झालेला नसतानाही, अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली प्रवेश नाकारण्यास पुरेशी ठरू शकते. खोटे उत्तर देणे हा मार्ग नव्हे. तो फसवेगिरीचा स्वतंत्र आणि बहुधा अधिक जड आक्षेप होतो. ३० ग्रॅमपर्यंत गांजा स्वतःसाठी बाळगल्याच्या एकाच प्रकरणाला हद्दपारीतून सूट आहे. परंतु देशाबाहेर जाऊन परत येताना प्रवेशाची कसोटी वेगळी असते आणि तिथे ही सूट आपोआप मिळत नाही. ३० ग्रॅम म्हणजे जेमतेम एक औंस, हेही लक्षात घ्यावे. राज्य मुभा देते ती सहाची.

नागरिकत्वाच्या अर्जातही हा विषय निघतो. नागरिकत्व व स्थलांतर सेवेने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केले की, राज्यात कायदेशीर असलेल्या गांजा व्यवसायातील नोकरीही अर्जदाराच्या सच्चारित्र्याआड येऊ शकते. परवानाधारक दुकानाच्या गल्ल्यावर प्रामाणिकपणे कर भरून काम करणारा ग्रीन कार्डधारक यात अडकू शकतो. एकाच देशाचे दोन कायदे एकाच माणसाला असे कात्रीत धरतात, हे न्याय्य म्हणणे कठीण आहे. पण आजची वस्तुस्थिती ती आहे.

मुलांबाबत न्यू जर्सीच्या विधिमंडळाला लवकरच चूक दुरुस्त करावी लागली. फेब्रुवारी २०२१ मध्ये संमत झालेल्या कायद्यानुसार अल्पवयीन मुलाला पहिल्यांदा पकडल्यास केवळ लेखी ताकीद मिळणार होती आणि पालकांना कळवायचे नव्हते. पालकांनी आवाज उठवल्यावर महिनाभरात दुरुस्ती होऊन, अठरा वर्षांखालील मुलाच्या पहिल्या ताकिदीचीही सूचना पालकांना देणे बंधनकारक झाले. घरातील मूल स्वतः व्हिसावर असेल, तर अशी ताकीद हाती पडताच शाळेच्या समुपदेशकाबरोबर स्थलांतरविषयक वकिलालाही दूरध्वनी करावा, आणि तोही पुढच्या भारतवारीची तिकिटे काढण्याआधी.