ओहायो नदीकाठची गुहा आणि तिचे मुसाफिर

गोवळकोंडा म्हटले की आपल्याला हैदराबादजवळचा किल्ला, कुतुबशाही आणि हिरे आठवतात. पण अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातही गोलकोंडा नावाचे एक लहानसे गाव आहे, ओहायो नदीच्या उत्तर काठावर. या गावाचे आधीचे नाव सारासव्हिल. सारा लस्क नावाची विधवा बाई तिथे नदी पार करणारी नाव चालवत असे, तिच्यावरून ते पडले होते. 1817 साली ते बदलून आपल्या दख्खनच्या गोवळकोंड्याचे नाव देण्यात आले. तिथल्या कुणी गोवळकोंडा पाहिला असेल असे मुळीच नाही. हिऱ्यांच्या गोष्टी मात्र तिथवर पोचल्या होत्या, आणि ओसाड मुलखात नवे गाव वसवणाऱ्यांना श्रीमंतीचे नाव हवेसे वाटले असावे.

या गोलकोंड्यापासून नदीच्या वरच्या अंगाला वीसेक मैलांवर एक गुहा आहे. दोन-सव्वादोनशे वर्षांपूर्वी नवी जमीन शोधायला निघालेल्या हजारो कुटुंबांनी ती पाहिली, कित्येकांनी तिच्यात रात्र काढली. आज तिचे नाव निघते ते मात्र लुटारूंमुळेच. ही गोष्ट मला थोडी खटकते. म्हणून लुटारूंबरोबर मुसाफिरांबद्दलही लिहीत आहे.

गुहेचे नाव ‘केव्ह-इन-रॉक’, म्हणजे खडकातली गुहा. शेजारच्या गावाचेही तेच नाव. चुनखडीचा उंच कडा थेट नदीवर उतरतो आणि त्यात सुमारे 55 फूट रुंदीची कमान उघडते. आत शंभर फुटांहून जास्त खोली आहे. मागच्या बाजूला छताला भोक पडले आहे, त्यातून वरचा उजेड खाली येतो आणि चूल पेटवली तर धूरही निघून जातो. ही माणसाने खोदलेली लेणी नव्हेत. पाण्याने चुनखडी विरघळत गेली आणि गुहा झाली. 1729 साली दे लेरी नावाच्या फ्रेंच माणसाने ती पाहून फ्रेंच भाषेत ‘खडकातली गुहा’ अशी तिची नोंद केली. इंग्रजी नाव हे त्याचेच भाषांतर. त्याच्याही कितीतरी आधीपासून या नदीकाठाने मूळ रहिवासी ये-जा करत होते.

अमेरिका 1783 साली इंग्रजांच्या ताब्यातून पूर्ण मोकळी झाली आणि पूर्वेकडच्या लोकांचे डोळे पश्चिमेकडे लागले. मध्ये डोंगर, जंगल आणि वाईट रस्ते. त्यामुळे ज्याला जमेल तो पिट्सबर्गपर्यंत खुष्कीने येई आणि तिथून ओहायो नदीत होडी सोडे. या होड्या सपाट तळाच्या, लाकडी पेटीसारख्या. एका टोकाला छप्पर टाकून खोली केलेली, दुसऱ्या टोकाला गाय, डुकरे, कोंबड्या, नांगर, बियाण्याची पोती. शीड नाही, यंत्र नाही. पाणी नेईल तिकडे जायचे, लांब वल्ह्याने फक्त दिशा सांभाळायची. प्रवाहाच्या उलट परत येणे अशक्यच. ठिकाणावर पोचल्यावर होडी मोडून तिच्याच फळ्यांचे घर बांधत. बिऱ्हाडच्या बिऱ्हाड असे निघे. एकदा निघालेल्या बाईला माहेर पुन्हा दिसेलच याची खात्री नसे.

हिवाळ्यात नदीत बर्फ, उन्हाळ्याच्या शेवटी पाणी कमी आणि वाळूचे दांडे उघडे. त्यामुळे बहुतेक वर्दळ पाणी भरलेले असेल त्याच दिवसांत होई. पिट्सबर्गपासून ही गुहा जवळजवळ 880 मैलांवर. तिथवर येईतो माणसे ओली, थकलेली, पोरे आजारी. अशा वेळी काठावर एवढी मोठी कोरडी जागा दिसली की होडी आपसूक तिकडे वळे. पिट्सबर्गच्या झेडॉक क्रेमर याने 1801 पासून ‘द नॅव्हिगेटर’ नावाचे नदीप्रवासाचे मार्गदर्शक पुस्तक छापायला सुरुवात केली. त्यातही या गुहेचे वर्णन आले. आत शिरलेला माणूस कोळशाने किंवा चाकूने भिंतीवर आपले नाव लिहून जाई. तारीख, नाव, कधी गावाचे नाव. ‘आम्ही इथवर जिवंत आलो’ एवढाच त्याचा अर्थ.

आसरा आणि सापळा

जी जागा प्रवाशाला सोयीची, तीच चोरालाही सोयीची. गुहेच्या तोंडातून नदीचा लांबवरचा भाग दिसतो, पण नदीतून आतली माणसे दिसत नाहीत. 1797च्या सुमारास सॅम्युअल मेसन नावाचा माणूस आपली टोळी घेऊन इथे येऊन बसला.

मेसन जन्मजात लुटारू नव्हता. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात तो व्हर्जिनियाच्या फौजेत कॅप्टन होता. 1777 साली फोर्ट हेन्रीच्या लढाईत त्याची बहुतेक माणसे मारली गेली, तो स्वतः जखमी झाला. असा माणूस पुढे वाटमाऱ्या कसा झाला, हे त्याच्या गोष्टी रंगवून सांगणारे फारसे विचारत नाहीत. त्याची मुलेही टोळीत होती.

टोळीची रीत जोरजबरदस्तीपेक्षा गोड बोलण्याची होती, असे जुने वृत्तांत सांगतात. गुहेच्या खालच्या अंगाला हरिकेन नावाचे बेट आहे आणि तिथला प्रवाह अवघड. टोळीची माणसे काठावर उभी राहून वाटाड्या म्हणून बरोबर यायची तयारी दाखवत आणि होडी मुद्दाम वाळूत रुतवत. दुसरी युक्ती सराईची. ‘विल्सनचे मद्यगृह आणि विश्रामगृह’ अशी पाटी गुहेबाहेर लावली होती आणि थकलेले प्रवासी ती पाहून उतरत, असे सांगतात. ही पाटीची गोष्ट नंतरच्या लोकांनी रचलेली असू शकते. बऱ्याच कहाण्या घटनेनंतर कित्येक दशकांनी लिहिल्या गेल्या, आणि 1924 साली केंटकीच्या ऑटो रोथर्टने या लुटारूंवर पुस्तक लिहिले तेव्हा इतिहास आणि दंतकथा एकमेकांत पुरत्या मिसळल्या होत्या. होड्या लुटल्या जात होत्या, माणसे मारली जात होती, एवढे मात्र खरे आहे. माल भरलेली होडी लुटून तीच खाली न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात न्यायची, की पुरावाच उरत नसे. घरची माणसे महिनोन् महिने पत्राची वाट पाहत राहत. नदीत बुडाले, तापाने गेले की कुणी मारले, कळायला मार्ग नसे.

1799 मध्ये हार्प बंधू म्हणून ओळखले जाणारे दोन खुनी काही दिवस इथे आले होते. ते इतके क्रूर की लुटारूंनीच त्यांना हाकलून दिले, अशी कथा आहे.

हे सारे कसे चालू शकले? कारण तिथे कायदाच पोचला नव्हता. कागदावर हा मुलूख अमेरिकेच्या वायव्य प्रदेशात मोडत होता, पण जवळपास ना कचेरी, ना शिपाई. खुद्द सरकारच्या लेखीही दक्षिण इलिनॉयची जमीन अजून कास्कास्किया लोकांची होती. त्यांच्याकडून ती करार करून घेतली गेली 1803 मध्ये. लुटलेल्याने तक्रार करायची कुणाकडे?

मेसन इथे दोनेक वर्षेच टिकला. 1799 मध्ये पाठलाग वाढल्यावर तो दक्षिणेकडे सरकला. 1803च्या जानेवारीत स्पॅनिश अधिकाऱ्यांनी त्याला कुटुंबासह पकडले. त्याच्याजवळ सुमारे 7,000 डॉलर सापडले. त्या काळात साध्या शेतकऱ्याने एवढा पैसा कधी पाहिलाही नसेल. सुनावणीत त्याने आपण गरीब शेतकरी आहोत, दुष्मनांनी आपले नाव बदनाम केले आहे, असे सांगितले. पुढे तो निसटला. त्याच्यावर इनाम होते. दोघे जण त्याचे डोके घेऊन इनाम मागायला आले, तर त्यांतला एक नाव बदललेला धाकटा हार्प निघाला. लोकांनी त्याला ओळखले आणि 1804 मध्ये दोघांनाही फाशी दिली.

दुसऱ्या खडकाखालचे प्रवासी

1811 साली ‘न्यू ऑर्लिन्स’ नावाची पहिली आगबोट ओहायोतून खाली गेली. पुढे आगबोटी वाढल्या. त्यांना काठावर मुक्काम करायची गरज कमी, त्या वरच्या दिशेनेही जात, आणि शंभर माणसांच्या बोटीला अडवणे सोपे नव्हते. 1818 मध्ये इलिनॉय राज्य झाले, न्यायालये आली. गुहा हळूहळू बघण्याची जागा झाली. 1830च्या दशकात कार्ल बोडमर या स्विस चित्रकाराने तिचे चित्र काढले.

पण याच दशकात या नदीवर असेही प्रवासी आले ज्यांना कसलीही नवी जमीन शोधायची नव्हती. चेरोकी लोकांना सरकारने त्यांच्या घरादारातून काढून पश्चिमेकडे हाकलले. 1838-39च्या कडक हिवाळ्यात त्यांच्या हजारो लोकांनी केंटकीतून येऊन ओहायो पार केली, आणि ते उतरले आपल्या गोष्टीतल्या गोलकोंड्यात. नदीत बर्फ वाहत होता. सुमारे 1,700 जणांचा एक जथा पलीकडच्या काठाजवळ मँटल रॉक नावाच्या दगडी कमानीपाशी थंडीत अडकून पडला होता. म्हातारी माणसे, तान्ही पोरे, अंगावर अपुरे कपडे. नावाड्याने नेहमीपेक्षा कितीतरी पट भाडे घेतले, अशी आठवण सांगितली जाते. संपूर्ण वाटेत सुमारे 4,000 माणसे गेली असावीत, असा इतिहासकारांचा नेहमीचा अंदाज आहे.

मेसनच्या टोळीने किती माणसे मारली कोण जाणे, पण हा आकडा तिच्या आवाक्याबाहेरचा होता. आणि हे काम कायद्याने, शिक्कामोर्तब करून झाले. तरी सिनेमा निघाले ते गुहेवर. 1956चा डेव्ही क्रॉकेट आणि नदीवरच्या चाच्यांचा चित्रपट, 1962चा ‘हाऊ द वेस्ट वॉज वन’, दोन्हींत ही गुहा दिसते.

1929 मध्ये राज्य सरकारने गुहेभोवतीची जमीन घेऊन उद्यान केले. आता पायऱ्या उतरून लोक मुलाबाळांसह आत जातात. नदीला पूर आला की पाणी गुहेत शिरते आणि काही दिवस वाट बंद होते. भिंतींवर जुन्या मुसाफिरांची नावे शोधणाऱ्याला फार डोळे ताणावे लागतात. दोनशे वर्षांच्या नव्या नावांनी ती झाकली आहेत. शेजारच्या गावातून केंटकीला जाणारी मोटारींची नाव अजून चालते. दोन्ही राज्ये मिळून तिचा खर्च उचलतात आणि पलीकडे जाणाऱ्याकडून एक पैसाही घेतला जात नाही.