मॅक्रोच्या पुढची पायरी : कापसाचा हिशेब आणि पायथन

केळापूर तालुक्यात कापसाचा हंगाम सुरू झाला की पांढरकवड्याच्या व्यापाऱ्याकडे काटापट्ट्यांचा ढीग लागतो. पूर्वी त्या खातेवहीत उतरत, आता बहुधा एक्सेलच्या तक्त्यात उतरतात. तक्ता सांभाळणारा मुलगा हुशार असला तर तो मॅक्रोही लिहितो. मॅक्रो म्हणजे संगणकाला एकदा शिकवून ठेवलेली कामांची यादी. एक बटण दाबले की दिवसाची बेरीज, अडत, हमाली, सगळे तयार. ही सोय व्हीबीए या भाषेवर चालते आणि ती १९९३ पासून एक्सेलमध्ये आहे.

मग तक्रार कशाची? मॅक्रोचा खरा दोष असा की तो घरांचे पत्ते पाठ करतो. 'ई स्तंभातले बारावे घर' असे त्यात लिहिलेले असते. मध्ये कोणी ओलाव्याचा नवा स्तंभ घातला तर तक्त्यातली सूत्रे आपोआप सरकतात, मॅक्रोतला पत्ता मात्र जिथल्या तिथे राहतो. भावाच्या जागी ओलावा वाचला जातो आणि संगणक कुरकुरही करत नाही.

दुसरा दोष नकलांचा. मॅक्रो फाइलीच्या पोटात राहतो. फाइलीच्या चार नकला झाल्या की मॅक्रोच्याही चार होतात, आणि एकीतली दुरुस्ती बाकी तिघींत जात नाही. याची किंमत कापसाच्या धंद्यात लगेच कळते, कारण इथे मापे तीन. शेतकऱ्याचा कापूस क्विंटलने येतो, रुईची गाठ साधारण १७० किलोची, आणि रुईचा भाव खंडीवर. खंडी म्हणजे जुने ७८४ पौंड, म्हणजे ३५५.६२ किलो; व्यवहारात ३५६ धरतात. आता एका नकलेत ३५६ आणि दुसरीत ३५५.६२ असेल तर १०० गाठींच्या, म्हणजे १७,००० किलोच्या एकाच सौद्यात पहिली ४७.७५ खंडी दाखवील, दुसरी ४७.८०. भाव ५५,००० रुपये धरला तर फरक सुमारे २,८०० रुपयांचा. दोन्ही बाजू प्रामाणिक असूनही भांडण होणार.

अशी चूक मोठ्यांकडूनही होते. २००७ पूर्वीच्या एक्सेलच्या तक्त्यात ६५,५३६ ओळीच मावत. इंग्लंडच्या आरोग्य खात्याने २०२० मध्ये त्याच जुन्या प्रकारच्या फाइली वापरल्या आणि कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेवर पुढे गेलीच नाही.

पायथनसारख्या पूर्ण भाषेत कार्यक्रम वेगळा राहतो आणि आकडे वेगळे राहतात. ही भाषा १९९१ पासूनची, आणि फुकट. पांडाज हे तिचे तयार साधन एक्सेलचा तक्ता वाचते आणि स्तंभ त्याच्या नावाने ओळखते, त्यामुळे नवा स्तंभ घातला तरी भाव तो भावच. नाव सापडले नाही तर कार्यक्रम तिथेच थांबतो. थांबणारा हिशेब चुकीच्या हिशेबापेक्षा केव्हाही बरा! खंडीचे वजन एकाच जागी लिहायचे. मौज म्हणजे 'खंडी', 'भाव' ही नावे देवनागरीतच देता येतात. व्हीबीएच्या संपादकात देवनागरी लिहिली तर प्रश्नचिन्हे उमटतात.

कराचे नियम बदलतात तेव्हाही हे सोयीचे पडते. १५ नोव्हेंबर २०१७ पासून शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावर जीएसटी भरण्याची जबाबदारी नोंदणीकृत खरेदीदारावर आली. असा बदल एका जागी करणे आणि प्रत्येक नकलेत शोधत बसणे, यांत किती दिवसांचा फरक पडतो ते मुनीमच सांगू शकेल.

व्हीबीएची सवय असलेल्याला दोन ठेचा हमखास लागतात. पायथनमध्ये यादीची मोजणी शून्यापासून सुरू होते. आणि ओळीच्या आरंभीची मोकळी जागा अर्थपूर्ण असते. ती चुकली की कार्यक्रम अडतो. पैशांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी. साध्या दशांश संख्येत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. रुपये-पैशांसाठी डेसिमल नावाचा प्रकार वापरावा, नाहीतर सगळा हिशेब पैशांत पूर्णांकाने ठेवावा.

जुना मॅक्रो मात्र एकदम फेकू नये. आधी एकच काम घ्यावे, उदाहरणार्थ संध्याकाळची बेरीज. पंधरा दिवस दोन्ही चालवावेत आणि उत्तरे पैशापर्यंत ताडून पाहावीत. फरक आला तर चूक नव्यातच असेल असे गृहीत धरू नका; बऱ्याचदा ती जुन्यात दडलेली निघते. नोंद करण्यासाठी तक्ता ठेवावाच. काट्यावरच्या माणसाला तोच सोपा जातो.

महिन्याला शे-दोनशे पावत्या फाडणाऱ्या शिंप्याला किंवा वेल्डिंगवाल्याला याची गरज नाही. त्याचा साधा तक्ता पुरे. ज्याच्या एका फाइलीवर तीन माणसे हात चालवतात आणि मॅक्रो लिहिणारा मुलगा उद्या नागपूरला नोकरीला जाणार आहे, त्याने मात्र तो मुलगा गावात आहे तोवरच मॅक्रोतला प्रत्येक नियम साध्या मराठीत कागदावर उतरवून घ्यावा. पायथन शिकायला नंतर कोणीही मिळेल.