खंडेनवमीपूर्वी ट्रॅक्टर धुताना

केदारखेडा (ता. भोकरदन) परिसरात पोळ्याला बैल सजतात, तसा खंडेनवमीला ट्रॅक्टर. कर्ज काढून घेतलेल्या या यंत्राचा रंग गेला की पत्र्याला गंज चढतो.

धुण्याचे काम सावलीत, इंजीन थंड झाल्यावर करावे. तापलेल्या इंजीनवर गार पाणी पडल्यास तडा जाण्याचा धोका असतो. डायनामो, सेल्फ व एअर क्लीनरचे तोंड प्लॅस्टिकने बांधावे. आपली काळी माती चिवट. वाळलेली असताना फडक्याने खरवडल्यास तिच्यातील बारीक रेती रंगावर ओरखडे पाडते. म्हणून आधी पाणी मारून ती चांगली भिजू द्यावी. मग गाड्यांसाठीचा शाम्पू बादलीभर पाण्यात घालून वरून खाली धुवावे. धुण्याच्या सोड्याने रंग निस्तेज होतो. डिझेलने पुसल्यास चकाकी दिसते खरी, पण धूळ चिकटते व रबर फुगते. युरिया वाहिला असेल तर ट्रॉलीचे सांधे विसरू नका, गंज तिथूनच सुरू होतो.

पत्रा पूर्ण कोरडा झाल्यावरच मेणाचे पॉलिश पातळ लावावे. ते पांढरट सुकले की मऊ सुती कापडाने चोळावे. पायदान व पेडलला मात्र लावू नये, पाय घसरतो. पाण्याने ग्रीस निघून जाते, तेव्हा सर्व निपलांत नवे ग्रीस भरावे. कोरड्या डिस्कचे ब्रेक असल्यास वावरातच हळू चालवून दोन-तीनदा दाबून पाहावेत.

आणि पूर्णेच्या पात्रात ट्रॅक्टर उभा करून धुऊ नये. तेल पाण्यात उतरते, तेच पाणी आपली जनावरे पितात.