परदेशात डॉक्टरकी: बुकिंगचे पैसे भरण्याआधी

आम्ही मोडनिंबच्या बचत गटांचं काम बघणाऱ्या बहिणी बोलतोय. आज विषय जरा मोठा आहे, पण तो आपल्या गटाच्या वहीपर्यंत आला म्हणून बोलायचं ठरवलं.

जूनच्या मासिक सभेत आमच्या एका ताईंनी पन्नास हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. मुलगी नीट पास झालेली, पण सरकारी कॉलेजात लागतील एवढे मार्क नव्हते. एका एजंटानं मोबाईलवर पत्रक पाठवलं होतं: परदेशात एमबीबीएस, ‘एनएमसी मान्यताप्राप्त’ कॉलेज, रविवारपर्यंत बुकिंग करा. पुढच्या पैशांसाठी दीड एकर विकायचं घरात चाललं होतं. आम्ही सह्या करणारच होतो. तेवढ्यात हिशोब लिहिणाऱ्या ताई म्हणाल्या, “शेळीला कर्ज देताना आपण शेळी बघून येतो. इथं काय बघितलं?”

मग आम्ही आठ दिवस थांबलो आणि माहिती काढली. ती तुम्हाला सांगतो.

पहिलं, नीट. परदेशात एमबीबीएस करून भारतात डॉक्टरकी करायची असेल, तर जाण्याआधी नीट पास व्हावीच लागते. तो निकाल परदेशी प्रवेशासाठी तीन वर्षं चालतो. ‘नीट नसली तरी चालेल’ असं कुणी म्हणालं, तर तिथूनच उठा.

दुसरं, मान्यता. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, म्हणजे एनएमसी, परदेशातल्या मान्य कॉलेजांची यादी काढतच नाही. मग पत्रकावरचा तो शिक्का आला कुठून? आयोगानं नियम घातलेत, ते १८ नोव्हेंबर २०२१ चे. शिक्षण किमान ५४ महिन्यांचं हवं. ते इंग्रजीतून हवं. वर १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी कॉलेजात हवी. मधेच कॉलेज बदललेलं चालत नाही. त्या पदवीवर त्या देशातही डॉक्टरकी करता आली पाहिजे. आणि सगळं दहा वर्षांच्या आत पुरं व्हायला हवं. यातलं एक जरी चुकलं, तरी पदवी हातात असून इथं उपयोग नाही.

तिसरं, परत आल्यावरची परीक्षा. तिला एफएमजीई म्हणतात. ३०० मार्कांची असते, १५० लागतात, वर्षातून दोनदा होते. जून २०२४ मध्ये पाच जणांतला जेमतेम एक पास झाला. पास झाल्यावर इथं पुन्हा वर्षभराची इंटर्नशिप. साडेचार अधिक एक अधिक एक, वर परीक्षेचा वेळ. म्हणजे पोरगी हाताशी यायला सात वर्षं धरून चाला.

चौथं, पैसा. शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांच्या वर बँक साधारणपणे तारण मागते. शिकत असताना हप्ता नसतो, व्याज मात्र चढत राहतं. फी बहुतेक डॉलरमध्ये असते. रुपया घसरला की पुढच्या वर्षी तीच फी महाग पडते. तिथलं जेवण, भाडं, विमा, विमानाचं तिकीट वेगळं. आणि २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा हजारो मुलं शिक्षण अर्धवट टाकून परतली, हेही विसरू नका.

पाचवं, इथलं दार नीट वाजवलं का? राज्यातले प्रवेश सीईटी सेलमार्फत होतात. त्याच्या सगळ्या फेऱ्या संपेपर्यंत थांबा. सोलापुरात आपलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या काही गटांतल्या मुलींना शिक्षण शुल्काची माफी आहे. ती आपल्या मुलीला लागू होते का, ते कागद घेऊन जाऊन विचारा.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही पोरींना मागं ओढतोय. तसं नाही. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून बोटीनं अमेरिकेला गेल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं होतं. प्रवेशासाठी त्यांनी स्वतःच्या हातानं कॉलेजला पत्र लिहिलं. आपली तयारी कुठं कमी आहे तेही त्यात लपवलं नाही. कॉलेजनं त्यांना घेतलं आणि ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या. घ्यायचं ते हे: आपला अर्ज आपण लिहायचा, आपले प्रश्न आपण विचारायचे.

आमच्या ताईंच्या मुलीनं तेच केलं. आम्ही एजंटाकडं लेखी उत्तरं मागितली, तर ‘सीट जाईल’ एवढंच ऐकायला मिळालं. मुलीनं थेट त्या विद्यापीठाला ईमेल केला. पाच दिवसांनी उत्तर आलं: शेवटची वर्षं दवाखान्यात तिथल्याच भाषेतून शिकवतात. आयोगाच्या नियमात ते बसत नव्हतं.

कर्ज दिलं नाही. ताई दोन महिने आमच्याशी बोलल्या नाहीत. सभेला यायच्या, बचत भरायच्या, निघून जायच्या. आम्हालाही ते लागलं. पोरीचं वर्ष आपण घालवलं का, हा प्रश्न आम्हालाही झोपू देत नव्हता. आता मुलगी पुन्हा नीटला बसतेय. पुस्तकांसाठी गटानं दहा हजार दिले, आणि त्या ठरावावर पहिली सही ताईंची आहे. दीड एकरात ऊस उभा आहे.

आमच्या गटानं एक ठरावही केलाय. शिक्षणासाठी कर्ज मागायला आलेल्या बाईला नाही म्हणायचं नाही. आधी मुलीला सभेत बोलवायचं, हे पाच प्रश्न तिच्यासमोर ठेवायचे आणि उत्तरं कागदावर बघायची. उत्तरं पटली, तर तिच्या पाठीशी सगळ्यांनी उभं राहायचं, मग ती कितीही लांब जाऊ दे.

तुमच्या पुढच्या सभेत हा विषय काढा.