अभ्यासाचे बळ

पुणे जिल्ह्यात भीमा नदीच्या एका अंगास शिरूर तालुका आहे, तर दुसऱ्या अंगास दौंड. या दोन्ही तालुक्यांत फासेपारधी कुटुंबे राहतात. शिकारीवर जगणाऱ्या या जमातीवर इंग्रजी राजवटीत घोर अन्याय झाला. १८७१ साली सरकारने असा कायदा केला, की त्यान्वये संपूर्ण जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरविता येत. पुढे पारध्यांवरही तो शिक्का बसला.

ज्यांचे कोणी ऐकून घेत नाही, त्यांची बाजू मांडण्यास केवळ कळवळा पुरत नाही. कायदा जाणावा लागतो. सरकारी जमाखर्च वाचता यावा लागतो. उच्च शिक्षणाने हे सामर्थ्य कसे येते, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात दिसते.

अस्पृश्य मानलेल्या समाजात जन्मलेले आंबेडकर १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. पुढे लंडनमध्ये शिकत असता शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना परतावे लागले. परंतु त्यांनी धीर सोडला नाही. मुंबईत प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला व १९२० साली पुन्हा लंडन गाठले. तेथे ते बॅरिस्टर झाले. अर्थशास्त्रातील सर्वोच्च पदवीही त्यांनी मिळविली. हिंदुस्थानातील प्रांतांच्या जमाखर्चावर त्यांनी ग्रंथ लिहिला.

हे ज्ञान लवकरच उपयोगी पडले. १९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी दाखवून दिले, की सरकार शिक्षणावर दरडोई अवघे चौदा आणे खर्च करते. उलट अबकारी करातून मात्र दरडोई दोन रुपयांहून अधिक मिळविते. केवळ तक्रार सरकारला टाळता आली असती; त्याच्याच हिशेबातील आकडे कसे टाळणार?

१९२८ साली अस्पृश्य, आदिवासी व इतर मागासलेल्या जातिजमातींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने समिती नेमली. आंबेडकर तिचे सभासद होते. १९३० सालच्या अहवालात समितीने या मुलांसाठी शिष्यवृत्त्या व वसतिगृहे सुचविली.

जमातींना गुन्हेगार ठरविणारा तो कायदा १९५२ साली रद्द झाला. आज महाराष्ट्रात पारधी अनुसूचित जमातींत गणले जातात. तथापि लोकांच्या मनातील संशय कायद्याबरोबर नाहीसा झाला नाही. तो दूर करण्यासाठी आजही कायदा जाणणारी आणि न्यायाची चाड असलेली माणसे हवी आहेत. त्यांपैकी काही उद्या शिरूर-दौंडच्या शाळांतूनच पुढे यावयाची आहेत.