तीन गळे, एक नाव

एखादी नाटक मंडळी डोळ्यांपुढे आणा. मालक भांडवल घालतो, तालीममास्तर चाली बसवून घेतो आणि नट रंगभूमीवर उभे राहतात. पाच-दहा वर्षे मंडळीचे नाव गाजते, आणि मग एक दिवस ती मोडते. आता सांगा, ते गाजलेले नाव कुणाचे? पैसा घालणाराचे, चाली बसवणाराचे, की ज्यांना ऐकायला लोक तिकिटे काढीत त्यांचे? अमेरिकेतल्या तीन गायिकांना हाच प्रश्न न्यायालयात सोडवून घ्यावा लागला. त्यांच्या संचाचे नाव ‘एक्स्पोझे’. त्याचीच हकीकत आज आपल्याला सांगायची आहे.

पण आधी त्यांच्या संगीताविषयी थोडेसे. त्याला ‘लॅटिन फ्रीस्टाइल’ म्हणतात. नाव मोठे भारदस्त, पण मूळ अगदी साधे. १९८०च्या सुमारास अमेरिकेत डिस्को संगीताची लाट ओसरली. नाचघरे मात्र चालूच होती, आणि नाचायला काही तरी नवे हवे होते. त्याच सुमारास संगीतकारांच्या हाती विजेवर चालणारी तालयंत्रे आली होती. रोलंड नावाच्या जपानी कंपनीचे ८०८ हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. बटणे दाबून ताल भरून ठेवायचा, की यंत्र न थकता तो वाजवीत राहते.

आता यंत्र म्हटले की ताल कोरडा होणार, असे आपल्याला वाटते. इथेच गंमत झाली. न्यूयॉर्कमध्ये पोर्तो रिको बेटावरून आलेल्या लोकांची मोठी वस्ती आहे, आणि मायामीत क्यूबाहून आलेल्यांची. १९५९च्या क्रांतीनंतर हजारो क्यूबन माणसे समुद्र ओलांडून मायामीला आली. एकट्या १९८० साली आणखी सव्वा लाख आली. त्यांच्या संगीतात लाकडाच्या दोन टिपऱ्या असतात, त्यांना ‘क्लावे’ म्हणतात. त्या टिपऱ्यांचे आघात पाच : एका भागात तीन, दुसऱ्या भागात दोन. त्यांतले काही मात्रेवर पडतात, काही मात्रा चुकवून मध्येच. आपल्याकडे तबलजी आडलयीत शिरला की मान जशी आपोआप डोलते, तसेच ते. या बिनसरळ ठोक्यांची सवय असलेल्या पोरांनी तेच ठोके यंत्रात भरले आणि वर प्रेमभंगाची इंग्रजी गाणी चढवली. पाय नाचताहेत आणि मन रडते आहे, असा हा प्रकार. १९८३ साली शॅनन या गायिकेचे ‘लेट द म्यूझिक प्ले’ निघाले. फ्रीस्टाइलचा आरंभ पुष्कळजण तिथूनच धरतात.

पुढच्याच वर्षी, १९८४मध्ये, मायामीतल्या लुइस मार्टिने यांनी तीन मुलींचा संच उभा केला. मार्टिने नाचघरात ध्वनिमुद्रिका लावण्याचे काम करीत. कोणत्या ठोक्याला लोक खुर्ची सोडतात हे त्यांना रोज रात्री समोर दिसत होते, आणि ती विद्या कुठल्या शाळेत मिळत नाही. सांड्रा कासान्यास, आलेहान्द्रा लोरेन्सो आणि लॉरी मिलर या त्या तिघी. गीत मार्टिने यांचे, चाल त्यांची, योजनाही त्यांचीच. ‘पॉइंट ऑफ नो रिटर्न’ हे पहिलेच गाणे १९८५ साली अमेरिकेच्या नृत्यगीतांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले.

लगेच अरिस्टा या मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीने संचाला हाताशी धरले. पण मोठी ध्वनिमुद्रिका निघायच्या आतच, १९८६ साली, पहिल्या तिघी संचातून गेल्या आणि त्यांच्या जागी नव्या तिघी आल्या. जेनेट हुराडो ही कॅलिफोर्नियातली, मेक्सिकन वंशाची. जॉया ब्रूनोचा जन्म इटलीतल्या बारी शहरातला. आणि तिसरी अ‍ॅन कर्लेस. नाव मात्र तेच राहिले, ‘एक्स्पोझे’. जणू नाव म्हणजे अंगरखा; अंग बदलले तरी चालते, असे तेव्हा चालकांना वाटले असावे. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे हाच मुद्दा त्यांच्यावर उलटणार आहे.

१९८७च्या आरंभी ‘एक्स्पोझर’ ही त्यांची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यातली एक नव्हे, चार गाणी अमेरिकेच्या मुख्य यादीत पहिल्या दहांत गेली. पहिल्याच ध्वनिमुद्रिकेतून असे यश मिळवणारा हा पहिला गायनसंच. आणि त्यांतले ‘सीझन्स चेंज’ हे संथ गाणे फेब्रुवारी १९८८मध्ये थेट पहिल्या क्रमांकावर बसले. मायामीच्या नाचघरातला ठोका आता देशभरच्या रेडिओवर घुमू लागला. तिघी आळीपाळीने मुख्य सूर धरीत, त्यामुळे ऐकणाराला तिन्ही गळे वेगवेगळे ओळखता येत.

पण गळा हेच ज्यांचे भांडवल, त्यांची सगळी मदार केवढ्याशा जागेवर असते पाहा! १९९०च्या सुमारास दौऱ्यावर असताना जॉया ब्रूनोचा आवाज बसू लागला. घशात गाठ निघाली. गाठ जिवावरची नव्हती, पण गाणे दूरच राहिले, काही काळ बोलणेसुद्धा बंद झाले. तिच्या जागी केली मनीमेकर आली, आणि १९९३मध्ये संचाचे आणखी एक गाणे पहिल्या दहांत गेले. पण तोवर तरुणांच्या आवडीने कूस पालटली होती, फ्रीस्टाइल मागे पडले होते. १९९५ साली संच मोडला. बायका आपापल्या संसाराला आणि दुसऱ्या कामांना लागल्या. जॉयाचा आवाज हळूहळू परत आला, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट.

दहाअकरा वर्षे गेली. ज्यांनी कॉलेजात या गाण्यांवर पाय टाकले, त्यांची मुले आता कॉलेजात जाण्याजोगी झाली. आणि माणसाला तरुणपणचे गाणे पुन्हा ऐकावेसे वाटते ते नेमके याच वयात. २००६मध्ये जेनेट, अ‍ॅन आणि जॉया पुन्हा एकत्र आल्या. ‘एक्स्पोझे’ या नावावर मूळ निर्मात्यांच्या वारस कंपनीचा दावा होता, म्हणून प्रथम त्यांनी त्या कंपनीशी मोबदल्याचा करार केला. पुढे बिनसले आणि प्रकरण कोर्टात गेले.

कंपनीचे म्हणणे असे : संच आम्ही काढला, मुली आम्ही निवडल्या, पहिल्या तिघी गेल्या तेव्हाही नाव आमच्याचकडे राहिले. वरवर पाहता यात खोटे काही नाही. पण फ्लोरिडातल्या न्यायालयाने निराळाच प्रश्न विचारला. लोक ‘एक्स्पोझे’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे कोण येते? नावामागचा गुण कुणाच्या अंगी आहे? उत्तर उघड होते. मुखपृष्ठांवर चेहरे त्यांचे, मंचावर त्या, आणि पुन्हा तिकिटे खपली तीही त्यांच्यासाठी. संच मोडल्यावर मधल्या काळात कंपनीने नाव जागे ठेवण्यासाठी फारसे काही केले नव्हते. नावावरचा हक्क त्या तिघींचा ठरला, आणि २०११ साली वरिष्ठ न्यायालयानेही तो निर्णय कायम केला. अंगरखा अखेर अंगाचाच ठरला म्हणायचा!

तुम्ही म्हणाल, न्याय झाला, गोष्ट संपली. पण वाचकहो, त्या पहिल्या तिघींचे काय? ज्या गाण्याने हे नाव प्रथम कानोकानी नेले, ते गायले होते त्यांनी. त्यांतली सांड्रा कासान्यास तर २००८ सालीच वारली; खटल्याचा निकाल तिने पाहिला नाही. चेहऱ्यांचा हिशेब न्यायालयाने केला. पण त्या चेहऱ्यांच्या आधीही तीन चेहरे होते, आणि त्यांचा हिशेब कुणी कोर्टापुढे मांडलाच नव्हता.

एक खूण मात्र उरली आहे. ‘एक्स्पोझर’च्या पहिल्या-पहिल्या प्रतींत ‘पॉइंट ऑफ नो रिटर्न’चे जुनेच ध्वनिमुद्रण घातले होते, नव्या तिघींनी गायलेले पुढच्या प्रतींत आले. म्हणजे मुखपृष्ठावर जेनेट, जॉया आणि अ‍ॅन, आणि आत त्या एका गाण्यात आवाज पहिल्या संचाचा. अशी जुनी प्रत कधी हाती लागली, तर मुखपृष्ठ बाजूला ठेवून ते गाणे ऐका.